फळी एकच होती

आप्पा, तुमच्या पणतीला बास गिटार घ्यायची आहे. पहिलीच. परवापासून ती मोबाईलवर एकेक चित्र काढून माझ्यापुढे धरते आणि विचारते, आजोबा, ही कशी आहे, ही आपल्याला परवडेल का, शिकायला हलकी बरी की जड. मी चष्मा चढवतो आणि सांगण्यासारखं असेल ते सांगतो. रंगावर जाऊ नकोस. दांडा डोळ्यासमोर धरून बघ, सरळ हवा. तारा पट्टीपासून फार उंच असल्या तर बोटं सोलतील आणि महिनाभरात तू वाद्य पलंगाखाली ढकलशील. खुंटी पिळल्यावर तार जागेवर राहते का बघ. जुनी चालेल, पण सांधा उघडलेला नको. ती मान हलवत ऐकते. आजोबांना केवढं ठाऊक आहे, असं तिला वाटत असावं. यातलं बरंचसं मला बेळगावच्या कॅम्पातल्या त्या दुकानात ठाऊक असायला हवं होतं. आणि जे मला तेव्हापासून नीट ठाऊक आहे, ते भीतीचं, मी तिला सांगितलेलं नाही. ते तुम्हालाच सांगावं म्हणून बसलो आहे.

तुम्हाला आठवत असेल, सहासष्ट साली मी कॅसलरॉकला होतो, मँगनीजच्या वॅगनी भरणाऱ्या कंत्राटदाराकडे कारकून म्हणून. दिवसभर लाल धूळ, आणि संध्याकाळी करण्यासारखं काही नाही. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलात ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. मी बाहेर खिडकीपाशी उभा राहून ऐकायचो. अॅकॉर्डियन कानाला ऐकू यायचं, ढोलक यायचं. पण त्याखाली आणखी काहीतरी चाललेलं असायचं, ते कानाला कळायच्या आधी खिडकीच्या गजावर ठेवलेल्या हाताला कळायचं. गज थरथरायचा. एके दिवशी अॅकॉर्डियनवाले गार्डसाहेब खिडकीशी आले आणि म्हणाले, "काय रे, रोज गज मोजतोस काय? आत ये की." अशी सुरुवात झाली. बास वाजवणारा माणूस सज्जन होता, त्याने मला बोटं कशी ठेवायची ते दाखवलं, आणि मला चार गाणी जेमतेम जमू लागली तोवर त्याची बदली झाली. गार्डसाहेबांनी सरळ सांगितलं, "वाद्य त्याचं, ते त्याच्याबरोबर जाणार. आवाज मोठा करणारी करंटाची पेटी आपली, ती राहणार. तू बास घेऊन ये आणि पंधरा ऑगस्टला उभा राहा. न्हाईतर मी हुबळीहून माणूस आणतो. आणि एकदा आलेला माणूस जात नाही, आधीच सांगून ठेवतो." मग त्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाले, "एक ध्यानात ठेव. ही आमची म्हातारी नव्या माणसाशी एकदा हात मिळवते. घाबरायचं नाही." सगळे हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी तार धरलेल्या हाताने पेटीच्या कडेला स्पर्श झाला आणि कोपरापर्यंत मुंग्यांची रांग धावत गेली. ते मी घरी कधीच सांगितलं नाही.

पण तुम्हाला सांगायची गरजच नव्हती. सुप्याच्या घरात तुम्ही जेवायला बसला आहात, आई तव्यावर भाकरी उलटते आहे, मी दारातूनच सगळं घडाघडा बोलून टाकतो, जागा मिळते आहे, वाद्य हवं, पंधरा ऑगस्ट. तुम्ही घास तसाच हातात धरून एवढंच विचारता, "करंटावर चालतंय व्हय?" मी हो म्हटल्यावर तुम्ही ताटाकडे बघत राहिलात. आदल्या पावसाळ्यात सॉ मिलमध्ये तुमचा जोडीदार गेला होता. जमीन ओली, मशीनचं हँडल ओलं, आणि तो त्याला चिकटलेला. तुम्ही हाताच्या अंतरावर उभे होता आणि शिवता येत नव्हतं. त्याबद्दल तुम्ही घरी एकच वाक्य बोलला होता, "स्विचपाशी कोण न्हवतं." नंतर मालकाने मशीनपुढे कोरड्या फळ्या टाकल्या. तुम्ही कामावर जात राहिलात. पण बॅटरी पेटवायची तरी धोतराच्या सोग्याने धरायचात. आई म्हणायची, "अवो, हातातल्या बॅटरीनं कोण मेलंय का आजवर?" तुम्ही म्हणायचात, "मरायला कितीसा येळ लागतोय." त्या दिवशी जेवण उरकून हात धुताना तुम्ही म्हणालात, "बिनकरंटाची मिळाली तर बघू. मी येतो संगट."

बेळगावच्या दुकानात शिरताना तुम्ही चपला बाहेर काढल्या. म्हातारे क्रिस्तांव दुकानदार म्हणाले, "असू द्या बाब, आत या तशेच." तुम्ही म्हणालात, "वाद्यं हायत की आत." मग मलाही काढाव्या लागल्या. तुमचा हात माझ्या दंडाला लागला तेव्हा तो गार होता. तुम्ही भर रानातून एकटे दिग्गीपर्यंत चालत जाणारे. वाटेत जनावर दिसलं तर तंबाखू मळत थांबणारे. काचेच्या कपाटांमध्ये मी तुम्हाला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं, आणि तुम्ही घाबरलात म्हणून मीही घाबरलो. आपल्या ऐपतीतल्या तीनच होत्या. एक नवी, लालभडक, आरशासारखी. तिच्या तारा इतक्या उंच होत्या की खालून उंदीर पळाला असता. दुसरी जुनी, काळी, भरीव लाकडाची, दिसायला पाटासारखी. पण दांडा सरळ आणि तारा बोटांखाली गुपचूप बसणाऱ्या. तिसरी तपकिरी, आतून पोकळ, पोटाला दोन वळणदार भोकं असलेली, गोव्याच्या कुणा बँडवाल्याने विकलेली. तिच्या पोटावर बुजवलेली एक चीर होती. मला काळी हवी होती. तुम्ही वाकून काळीच्या पोटाला कान लावलात आणि मला तार छेडायला सांगितली. "ही मुकी हाय," तुम्ही म्हणालात. दुकानदार म्हणाले, "मुकी न्हय हो. करंट दिला की बोलते." करंट म्हणताच तुम्ही कान असा मागे घेतलात, जणू तिने चावा घेतला. मग तपकिरीला कान लावलात. ती आपली आपण बोलली, हलकंसं, बंद खोलीत कुणी घसा खाकरावा तसं. तुमचा चेहरा सैल झाला. "हीच." दुकानदारांनी माझ्याकडे पाहून हळूच सांगितलं, "पोरा, शिकणाऱ्याला ती काळी बरी. पडली, भिजली, तरी तिला कांय जायना." मला ते पटलं होतं. पण तुमच्या तोंडाकडे पाहून मी तपकिरीच उचलली. ती थोडी महागच होती, परतीच्या एस. टी.त तुम्ही तंबाखूची पिशवी एकदाही उघडली नाहीत, कारण तीत काही उरलं नव्हतं. तरी खानापूर सोडल्यावर तुम्ही तिच्या पोटावर टिचकी मारून म्हणालात, "हिला काय करंट लागत न्हाई. हिला जीव हाय."

तो महिना चांगला गेला. दर रविवारी मी घरी यायचो. तुम्हीच शोधून काढलंत की वाजवताना दांड्याचं टोक भाताच्या लाकडी पेटीला टेकवलं तर अख्खी पेटी घुमते. आई म्हणायची, "भात जागं झालं बघा." तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचात. इन्स्टिट्यूटमध्ये मात्र करंटाशिवाय तिचा आवाज ढोलकाखाली मरून जायचा. गार्डसाहेब म्हणायचे, "आम्हाला दिसतंय तू वाजवतोस ते, ऐकू येऊ दे की." तिला वायर लावायची सोय होती, पण मी टाळाटाळ करायचो. करंट लावणार नाही असा तुम्हाला दिलेला शब्द होता, हे खरं. पण त्या मुंग्याही आठवायच्या.

मग पाऊस आपल्याकडचा सुरू झाला, म्हणजे भिंतींना आतून घाम येणारा. कॅसलरॉकच्या माझ्या खोलीत अंथरूण ओलं, माचिस ओली. गिटारीच्या पोटात बुरशीचा वास येऊ लागला, तेव्हा मी ती पोत्यात गुंडाळून घरी आणली आणि तुमच्या हवाली करून कामावर गेलो. तुम्ही काय केलंत ते आपल्या रानात कुणीही केलं असतं. पावसात जे जे जपायचं ते चुलीवरच्या माळ्यावर जातं. बियाणं, सोलं, सुकी मासळी, आजोबांचा ढोल. धुरात ओल शिरत नाही, किडा शिरत नाही. सगळ्यात चांगल्या जागी, ढोलाच्या शेजारी, बरोब्बर चुलीच्या वर तुम्ही ती टांगलीत.

पुढच्या खेपेला मी एस. टी.तून उतरलो तर इरलं पांघरून तुम्ही स्टँडवर उभे. तुम्ही मला न्यायला कधीच येत नसा. आई गेली, एवढंच मनात आलं. तुम्ही लांबूनच हात हलवून ओरडलात, "आई बरी हाय! घर बी बरं हाय!" मग जवळ आलात आणि माझी पिशवी घेऊन पुढे चालू लागलात. ओढ्यापाशी तुम्ही पाण्याकडे बघत म्हणालात, "तुझं ते उललं रं." घरी आई पदराने डोळे पुसत सांगत होती, मी भाकऱ्या थापत होते आणि वर बंदुकीसारखा बार झाला, मला वाटलं ढोल फुटला. ढोल शाबूत होता. गिटारीचा सरस उष्णतेने सुटला होता, पोट एका बाजूने उघडलं होतं आणि बुजवलेली चीर बोट जाईल एवढी रुंद झाली होती. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला. मला रागवायचं होतं. पण तुम्ही दाराच्या चौकटीला धरून असे उभे होता, की रागवायला मी धजलो नाही. सॉ मिलमधून आल्यावर असेच उभे होता तुम्ही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेला नाहीत. सरस कढवलात, ती दोरीने आवळलीत, दोरीत लाकडी पाचरी मारल्यात आणि ती चुलीपासून लांब, धान्याच्या खोलीत निजवलीत. उठताबसता जाऊन बघायचात. पोट मिटलं. दांडा सुदैवाने वाकला नव्हता. मी तारा चढवल्या, टोक भाताच्या पेटीला टेकवलं आणि छेडलं. काहीच झालं नाही. तार हलत होती, पेटी गप्प. पुन्हा छेडलं. तुम्ही वाकून पोटाला कान लावलात आणि बराच वेळ तसेच राहिलात. शेवटी म्हणालात, "मुकी झाली." आता ती बोलणार असेल तर करंटावरच बोलणार होती, आणि हे आपल्या दोघांनाही एकाच वेळी कळलं. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाळ. हुबळीचा माणूस येऊ दे. गाणं काय पळून जातंय?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही नाही म्हणाल, असं मला वाटलं. खरं तर तुम्ही नाही म्हणावं अशी मी वाट पाहत होतो. जागा गेली असती, आणि ती तुमच्यामुळे गेली असती, मला घाबरावं लागलं नसतं. तुम्ही माळ्याकडे मान वर करून पाहिलंत आणि म्हणालात, "मी येतो संगट."

माळ्यावर सागाची एक फळी होती. माझ्या लग्नाच्या पाटासाठी तुम्ही मिलमधून आणून किती वर्षं धुरात वाळवत ठेवली होती. ती पोत्यात बांधून तुम्ही लाकडाच्या लॉरीवर चढलात. पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळी आपण हॉलच्या दारात, बाहेर पाऊस कोसळतो आहे, लोकांच्या पायांनी आत चिखलपाणी येतं आहे, स्टेजची सिमेंटची फरशी चमकते आहे. तुम्ही दारात चपला काढल्यात, मीही काढल्या. गार्डसाहेब म्हणाले, "अरे, बूट घाल बूट. ओली फरशी आहे. थांब, माझे जुने देतो." तुम्ही हात जोडून म्हणालात, "न्हाई साहेब. वाद्य हातात असताना पायात कातडं घालायचं न्हाई. आमच्यात चालत न्हाई." ढोलकवाला म्हणाला, "मामा, मग माझ्या ढोलकाला काय पितळ मढवलंय? कातडंच हाय की." तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते हातात हाय. पायात न्हाई." आणि पोतं सोडून फळी माझ्या जागेवर मांडलीत, चारी बाजूंनी धोतराने पुसलीत, स्वतः तिच्यावर उभं राहून डुगडुगत नाही ना ते बघितलंत. हॉलातून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव पाटासकट आलाय! नवरी कुठाय?" पोटभर हसले लोक. मी फळीवर चढलो तेव्हा तळव्याला ती कोमट लागली. मनाचे खेळ असतील. गार्डसाहेबांनी वायर लावली, पेटीवरचा लाल दिवा लागला, आणि माझे हात तारांपासून वीतभर अंतरावर थांबले.

तेव्हा मी तुम्हाला शोधलं. तुम्ही पहिल्या रांगेत नव्हता, दारात नव्हता. स्टेजच्या कडेला, भिंतीवर मेन स्विचचा काळा डबा होता, त्याच्या दांडीवर हात ठेवून तुम्ही उभे होता. अनवाणी. खिडकीतून आत आलेल्या पाण्यात. नजर माझ्या हातांवर. तुमचे ओठ हलत होते. मी तार धरली. ती बोलली, आणि कॅसलरॉकला पहिल्यांदा माझ्या बोटांनी खिडकीचे गज थरथरले. एक गाणं झालं, दुसरं झालं. रेल्वेचा कोणी साहेब येऊन तुम्हाला म्हणाला, "काका, खुर्ची घ्या, इथं का उभे?" तुम्ही मान हलवली, पण नजर काढली नाही. कार्यक्रम संपेपर्यंत तो हात त्या दांडीवरून खाली आला नाही. काही झालं नाही, आप्पा. पेटीने कुणाशी हात मिळवला नाही. फळीमुळे झालं नाही, की होणारच नव्हतं, हे मला अजून ठाऊक नाही. टाळ्या पडल्यावर तुम्ही पेटीतली वायर आधी गार्डसाहेबांना काढायला लावलीत, मग मला खाली उतरू दिलंत. लॉरीत शेजारी बसून तुम्ही हाताची मूठ उघडत-मिटत होता. ती आखडून गेली होती. मी विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणालात, "मी कुठं ऐकलं."

पुढे मी पुष्कळ वाजवलं. हुबळी, बेळगाव, लग्नं, गणपती. तपकिरी फार टिकली नाही. पुढच्या वर्षी मी त्या दुकानातून काळीच आणली, आणि तुम्ही तिला कान लावला नाहीत, फक्त हळद-कुंकू लावलंत. सुप्याचं घर धरणाच्या पाण्यात जाणार तेव्हा सामान काढताना तुम्ही राहिला नव्हता. फळी मी आणली. तिचा पाट कधी झालाच नाही. घरी वाजवताना मी तिच्यावर उभा राहतो. कुणी विचारलं तर सांगतो, सागावर उभं राहिलं की आवाज भरीव येतो. लोकांना खरं वाटतं. एक-दोघांनी आपल्या घरी तसं करूनही पाहिलं.

काल तुमच्या पणतीची गिटार आली. साधी, काळी, भरीव, दांडा सरळ. तिने पिनही लावली. मी म्हटलं, थांब, आणि फळी तिच्या पायाखाली सरकवली. ती हसली, "आजोबा, हे काय आता?" मी म्हटलं, आवाज चांगला येतो. ती अनवाणी चढली आणि वाजवू लागली, चुकत, पुन्हा करत. आता घरातली वायर वेगळी असते, खटका आपोआप पडतो, हे सगळं मला इलेक्ट्रिशियनने दोनदा समजावून सांगितलं आहे. तरी मी बटणापाशी जाऊन उभा राहिलो, बोट बटणावर ठेवून, तिचं एक गाणं पुरं होईस्तोवर. ते कसं वाजलं मला सांगता येणार नाही.

हे पत्र टाकायला सुप्यात दार उरलेलं नाही, तेव्हा ते इथंच गिटारीच्या पिशवीत राहील. एवढंच कबूल करून ठेवतो, की फळी तेव्हाही एकच होती आणि तुम्ही पाण्यात अनवाणी होता. माझी फरशी कोरडी होती, आणि तरीसुद्धा बटणापाशी जाण्याआधी मी रबरी चपला पायात घातल्या होत्या.